अठरा मैलांवरचा तारा

रविवार, २ जानेवारी १९३८

कॉलेजच्या या वहीची पहिली अकरा पानं लंबकाच्या प्रयोगाने खाल्लीत. दोरीची लांबी इतकी, झोके इतके, खाली प्रोफेसरांची तांबडी सही. पुढची पानं कोरीच राहणार होती, म्हणून ती मी माझ्या कामाला घेतोय. इथे कोणाच्या सहीची गरज नाही.

कॉलेज सोडून आज बारा दिवस झाले. गावात जो तो विचारतो आणि प्रत्येकाला मी वेगळं कारण सांगतो. खरं कारण इथे एकदाच लिहून टाकतो.

त्या दिवशी प्रोफेसर म्हणाले, आज परीक्षेत न येणारं काहीतरी सांगतो. आकाशात मोठ्या दुर्बिणीतून धुरकट ठिपके दिसतात. तो एकेक ठिपका म्हणजे कोट्यवधी सूर्यांची एकेक आकाशगंगा. आणि हे सगळे ठिपके आपल्यापासून लांब पळतायत. जो जितका लांब, तो तितका जोरात. सर्वांत लांबचा सेकंदाला चोवीस हजार मैल! माझ्या अंगावर काटा आला. इतर मुलं जांभया देत होती. मी उभा राहिलो आणि विचारलं, "सर, सगळेच आपल्यापासून पळतायत, म्हणजे मध्यावर आपणच आहोत का?"

प्रोफेसरांनी चष्म्यावरून पाहिलं. "तू कुठला?"

"उत्तनचा, सर. भाईंदरजवळ."

"वा! म्हणजे विश्वाचा मध्य भाईंदरच्या मिठागरात आहे तर."

वर्ग हसून फुटला. मी दौत भिंतीवर फेकली. भिंतीवर, प्रोफेसरांवर नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण गावात तसंच पसरलंय. ते हसत हसत पुढे काहीतरी समजावत होते, पण तोवर मी दाराबाहेर होतो. उत्तर काही मिळालं नाही.

आज मिस्साची प्रार्थना झाल्यावर देवळाबाहेर, क्रुसाजवळ, ग्रेसी भेटली. गॅब्रियल मास्तरांची ग्रेसी. देवळाशेजारच्या शाळेत शिकवते. तिच्याबद्दल मला काय वाटतं ते चौथीपासून तिला ठाऊक आहे. असल्या गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात.

"सुट्टी किती दिवसांची?" तिने विचारलं.

"कायमची."

"मग बरंच झालं की," ती म्हणाली, आणि चक्क हसली.

बरं झालं? इकडे एका माणसाचं आयुष्य उधळलं आणि हिला बरं वाटतं! मी तडक घरी आलो.

गुरुवार, ६ जानेवारी

पापांनी मला राई गावातल्या आमच्या मिठागरावर जुंपलंय. "दौती फेकायच्या असतील तर तिथे फेक, भिंती नाहीत," असं म्हणाले. विनोद करतात आणि तोंड मात्र दगडासारखं.

मिठागराचा मुकादम बाळाराम. तीस वर्षं आमच्याकडे आहे. खाडीचं पाणी कधी घ्यायचं, कधी कोंडायचं, ते सगळं त्याच्या बोटांवर. यंदा बांध फुटल्यामुळे शेवटचे चार वाफे अजून तुडवायचे राहिलेत. तुडवायचे म्हणजे माणसं ओळीने उभी राहतात, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकतात आणि ओला चिखल पायांनी ठेचत पुढे सरकतात, वाफ्याची जमीन पाटीसारखी घट्ट होईपर्यंत. नंतर उधाणाचं पाणी आत घेईपर्यंत त्यावर पाऊल ठेवायचं नाही. बाळाराम पाखरूसुद्धा बसू देत नाही.

मी त्याला पळणाऱ्या आकाशगंगांचं सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्यांच्या मागं कोन लागलाय?"

"कोणी नाही."

"मंग पलतान कशाला?"

चिडून मी बांधावरचं ढेकूळ पाण्यात लाथाडलं. तो म्हणाला, "बांध आपला हाय, शेट."

मंगळवार, ११ जानेवारी

आजचा दिवस चांगला. म्हणजे बहुतेक चांगला.

कॉलेजच्या लायब्ररीचं खगोलाचं एक इंग्रजी पुस्तक माझ्या ट्रंकेत राहून गेलंय (परत करायला जाणार नाही, दौतीचा विषय काढतील). त्यातले आकडे घेऊन सकाळपासून गणित करत होतो. सूर्य जर खसखशीच्या दाण्याएवढा केला, तर पृथ्वी त्याच्यापासून अर्ध्या वितीवर येते, आणि दिसतसुद्धा नाही. आणि सर्वांत जवळचा तारा? अठरा मैलांवर! मी तीनदा ताळा केला. राईहून सरळ रेघ मारली तर अठरा मैलांवर काय येतं? वांद्रे.

ग्रेसी शाळा सुटल्यावर राईला मावशीकडे जाताना बांधावरून येते. तिला थांबवलं. गेल्या हंगामाच्या राशीतून मिठाचे दोन बारीक कण निवडले. एक माझ्या तळहातावर ठेवला.

"हा सूर्य. हा राईला. आता हा दुसरा तू धर. हा सर्वांत जवळचा तारा."

तिने हात पुढे केला. "इतक्या जवळ?"

"छे! हा वांद्र्याला. आणि मध्ये काही नाही. गोराई नाही, बोरिवली नाही, अंधेरी नाही, काही नाही. नुसता काळोख. आणि हा शेजारी बरं का! अख्खी आकाशगंगा या मापाने मांडायला गेलो तर ती चंद्राच्या पलीकडे जाईल. आणि अशा लाखो आकाशगंगा, ग्रेसी, आणि सगळ्या पळतायत."

ती कणाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "वांद्र्याचं म्हणतोस म्हणून आठवलं. परवा वांद्र्याहून माणसं आली होती आमच्याकडे."

"मी ताऱ्यांबद्दल बोलतोय."

"ऐक तर. बाबांना ती..."

"तू एक मिनिट विषयावर राहू शकत नाहीस का? मी तुला विश्व सांगतोय आणि तू पाहुणे सांगतेस!"

तिने कणावर मूठ मिटली. मग मी तिला तांबड्या प्रकाशाचं सांगितलं: लांब जाणाऱ्या आकाशगंगेचा प्रकाश तांबड्याकडे झुकतो, त्यावरून ती पळतेय हे ओळखतात. वर्गात विचारलेला मध्याचा प्रश्नही सांगितला, दौत सोडून. पुस्तक हवं का, विचारलं; तिने घेतलं. जाताना मूठ मिटलेलीच होती. कण परत द्यायला विसरली.

गुरुवार, १३ जानेवारी

जेवताना पापा सहज म्हणाले, "मास्तरांकडे वांद्र्याचं स्थळ आलंय. मुलगा सेबॅस्टियन. तिथल्या म्युनिसिपालिटीत आहे. शांत आहे म्हणतात." शांत हा शब्द त्यांनी माझ्याकडे बघून उच्चारला.

सगळ्या गावाला माहीत! मलाच नाही! दोन दिवसांपूर्वी माझ्यासमोर अर्धा तास उभी होती आणि एक अक्षर बोलली नाही. इतकं लपवायचं?

सोमवार, १७ जानेवारी

ग्रेसी स्वतः मिठागरावर आली. मी तिला ओळख दाखवली नाही. बाळाराम उगाच आमच्या मधे येऊन मिठाच्या राशीवरचं गवत सारखं करू लागला. तिने त्याला "काका, जरा पाणी द्या हो" असं म्हणून घालवलं.

"येत्या रविवारी दुपारी शाळेत तुझं व्याख्यान ठेवलंय," ती म्हणाली. "फादरांना विचारलंय. बाबा पण येणार आहेत."

"मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतास. वॉल्टर, बाबा तुला दौत फेकणारा म्हणून ओळखतात. एकदा चार लोकांसमोर नीट बोल. परवा माझ्याशी बोललास तसं. बाबा ऐकतील. मग मी पुढचं बघते."

पुढचं काय बघणार? माझ्यासाठी कुठे कारकुनी बघणार असेल. दया करतेय. स्वतः वांद्र्याला निघायचं आणि जाता जाता मागे राहिलेल्याला धर्मादाय म्हणून एक व्याख्यान. तरी मी होकार दिला. विश्वासाठी दिला, तिच्यासाठी नाही.

रविवार, २३ जानेवारी

शाळेतून तडक घरी येऊन लिहितोय.

शाळेत पंचेचाळीस तरी माणसं होती. ग्रेसीने काळ्या कापडावर खडूने तारे काढले होते आणि ते कापड ती स्वतः धरून उभी होती, कारण खिळा पडला. पापा मागच्या बाकावर. गॅब्रियल मास्तर पुढे, मांडीवर व्हायोलिनची पेटी. देवळात चाळीस वर्षं सूर सांभाळणारा माणूस, चुकलेला ठोका लगेच ओळखतो.

सुरुवात चांगली झाली. मिठाचा कण आणि वांद्रे सांगितलं तेव्हा लोक "अरे बाप रे" म्हणाले. फादरांनी विचारलं, हे सगळं पवित्र शास्त्रात बसतं का. मी सांगितलं की विश्व फुगतंय हे गणित बेल्जियममधल्या एका पाद्र्यानेच मांडलंय. फादर खूश. मी ग्रेसीकडे पाहिलं. तीही खूश. दोन्ही हात वर ताणलेले, बोटांना खडू.

मग मास्तरांनी घसा साफ केला. "वॉल्टर, एक विचारू का? सगळं आपल्यापासून लांब चाललंय म्हणतोस. मग मध्यावर आपण आहोत का?"

तोच प्रश्न. माझाच प्रश्न! आणि मला उत्तर येत नाही. माझ्या कानात तो सगळा वर्ग पुन्हा हसायला लागला.

मागून एक कोळी म्हणाला, "मास्तर, मध्य उत्तनलाच हाय. म्हावरा पन आपल्यालाच बघून पलतंय!"

सगळे हसले. फादर हसले. पापा हसले. मास्तरसुद्धा, पण ते मला हात करत होते, बस, बस, सांग सावकाश, असा. मी ओरडलो, "गावठी माणसांना विश्व सांगायला आलो हीच माझी चूक!" आणि बाहेर पडलो. दारातून मागे पाहिलं तर ग्रेसी तशीच कापड धरून उभी होती. तिला ते खाली ठेवायला कोणी सांगितलं नव्हतं.

मुद्दाम विचारायला लावला असेल तिने. दुसरं कोणाला ठाऊक होता तो प्रश्न?

सोमवार, २४ जानेवारी

पापांकडे कॉलेजचं पत्र आलं होतं म्हणे, दौतीचं आणि प्रश्नाचंही. दिवसभर ते एकच वाक्य बोलले. "मास्तरांनी तोच प्रश्न विचारला, कारण तो चांगला प्रश्न आहे, गाढवा."

रविवार, ३० जानेवारी

पहिला पुकार झाला.

मिस्सा संपल्यावर फादरांनी कागद उघडला. वांद्र्याचा सेबॅस्टियन आणि आपल्या गावची ग्रेसी, गॅब्रियल मास्तरांची मुलगी, यांचं लग्न ठरलंय. कोणाला काही हरकत ठाऊक असेल तर सांगावी. तीन रविवार असंच वाचतात, मग लग्न. चाळीस दिवसांचे उपास सुरू व्हायच्या आत सगळं उरकायचंय, म्हणून ही घाई.

बाहेर आल्यावर तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. "अभिनंदन. अठरा मैल. सर्वांत जवळचा तारा."

ती म्हणाली, "मी व्याख्यानानंतर आठ दिवस वाट बघितली."

"कसली?"

"तू येशील याची. निदान बाबांची माफी मागायला."

"माफी? मी?"

तिचे डोळे तांबडे झाले होते, धुरामुळे असतील, त्या दारात धूप फार असतो. "तिसऱ्या पुकारापर्यंत काही पक्कं नसतं, वॉल्टर. हरकत विचारतात ती उगीच नाही विचारत," असं म्हणाली आणि बायकांत मिसळली.

म्हणजे आव्हान! उठून दाखव, असं! माझ्या धीराची थट्टा करायलासुद्धा हिला आता वेळ आहे.

गुरुवार, ३ फेब्रुवारी

बस्स. मध्य सापडल्याशिवाय मी कोणाला तोंड दाखवणार नाही.

कागदावर जमत नाही, जागा पुरत नाही. जागा सपाट हवी, मोठी हवी. मिठागरात तसे वाफे आहेत. बाळारामाने सोमवारी तुडवून संपवलेला शेवटचा वाफा तर आरशासारखा. दुपारी गडी जेवायला गेल्यावर मी बांबूच्या एकेचाळीस खुंट्या त्यात ठोकल्या, एकेका हाताच्या अंतरावर. प्रत्येक खुंटी एक आकाशगंगा. मग सगळं अंतर दुप्पट केलं: उपटून पुन्हा ठोकल्या. म्हटलं, कुठली खुंटी जागची हलली नाही ते कळेल, तोच मध्य.

मी जी खुंटी धरून मोजायला लागायचो तीच हलली नाही असं निघायचं. दुसरी धरली की दुसरी. चार वेळा मोजलं. चूक सापडेना. इतका रागावलो की पाचव्यांदा खुंट्या उपटून फेकतच होतो, तेवढ्यात बाळाराम बांधावर आला.

तो ओरडला नाही. खाली उकिडवा बसला आणि भोकं बघू लागला. "ह्ये खेकड्यांनी केलाय, का तू?"

"प्रयोग होता."

"आकरा मानसांनी चार दिस तुडवला हाय ह्यो वाफा. आता यातनं पानी खाली जाईल आन् मीठ कालं येईल. तुज्या बापाला काय सांगू? चांदन्या ठोकीत व्हता?"

शुक्रवार, ४ फेब्रुवारी

पापांनी मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. म्हणाले, "सोमवारपासून वाफा पुन्हा तुडवायचा. अकरा माणसं आणि बारावा तू."

(नंतरची भर: रविवारी दुसरा पुकार झाला. मी गेलो नाही. डोकं दुखतंय असं सांगितलं, दुखतही होतं.)

सोमवार, ७ फेब्रुवारी

सापडलं! उत्तर सापडलं! चिखलाचे पाय धुतले नाहीत अजून.

सकाळी ओळीत उभा राहिलो. डावीकडे बाळारामाची बायको जिजाबाई, उजवीकडे पुंडलिक म्हणून एक गडी, मग इतर. खांद्यावर हात. बाळाराम बांधावरून ठेका देतो आणि सगळे एकदम पाय आपटतात. थोड्या वेळाने वाफ्याची रुंदी वाढते, तितकी माणसं पुरत नाहीत. तेव्हा तो ओरडतो, "सुटा!" खांद्यावरचे हात काढायचे आणि प्रत्येकाने शेजाऱ्यापासून आणखी एक हात मोकळं व्हायचं.

सुटल्यावर मी दोन्हीकडे पाहिलं. सगळे माझ्यापासून लांब गेलेले. जिजाबाई एक हात. तिच्या पलीकडची दोन हात. तिच्याही पलीकडची तीन. जो जितका लांब, तो तितका जास्त सरकलेला! पुस्तकातलं वाक्य माझ्यासमोर गुडघाभर चिखलात उभं होतं!

मी ओरडलो, "मावशी, तुम्ही सगळे माझ्यापासून लांब का गेलात?"

जिजाबाई म्हणाली, "आमी कुटं गेलाव? मी हाय तितंच हाय. तूच गेलास."

मी पुंडलिकला विचारलं. तो म्हणाला, "मी पन हाय तितंच. तुमी गेलाव."

ओळीतल्या एकेकाला विचारत गेलो. प्रत्येक जण तेच: मी इथेच, बाकीचे गेले. म्हणजे मध्य नाही! मध्य नाहीच, किंवा प्रत्येक जण मध्य! मधली जागाच वाढते, पळत कोणी नाही. खुंट्यांचं गणित बरोबर होतं, मीच चूक शोधत बसलो होतो. (ओळीला टोक असतं, विश्वाला आहे का, हे पुन्हा बघू.) बाळाराम ओरडत होता, "पाय! पाय चालव, विश्व नंतर!"

दुपारी पाय न धुताच मास्तरांच्या घरी गेलो. मास्तर घरात नव्हते. ग्रेसीने दार उघडलं. हातात शिवण होतं, पांढरं. मी उंबऱ्यावरच सगळं सांगितलं, ओळ, सुटा, जिजाबाई, सगळं. पंधरा मिनिटं तरी बोललो असेन, एका दमात. असं मी व्याख्यानातसुद्धा बोललो नव्हतो. तिने मला एकदाही अडवलं नाही. तिने शिवण खाली ठेवलं.

"म्हणजे जिजाबाईच्या जागेवरून पाहिलं," ती हळूच म्हणाली, "तर तू लांब गेलास."

"बरोब्बर! तू लगेच समजलीस!"

"आणि?"

"आणि काय? मध्य नाही. एवढंच."

"एवढंच सांगायला आलास?"

"एवढंच? ग्रेसी, अख्खं विश्व आहे ते! एवढंच म्हणतेस?"

तिने शिवण पुन्हा उचललं. "चिखल वाळतोय तुझ्या पायावर. जा, धू."

जगातल्या सर्वांत मोठ्या शोधाला हे उत्तर. वाटेत एक विचार आला होता, की ग्रेसीने अशी वही लिहिली असती तर तिच्या वहीत पळणारा मी असेन. पण हे काही खरं नाही. वांद्र्याला ती चाललीय, मी नाही. मी दोन जानेवारीपासून इथेच आहे.

शनिवार, १२ फेब्रुवारी

संध्याकाळी बाळारामाच्या हाती पुस्तक परत आलं. "मास्तरीनबायनी दिलंय. लगेच उघडायला सांगितलंय," म्हणाला.

लगेच! सगळी देणीघेणी आजच संपवायची आहेत हिला. मी ते न उघडताच ट्रंकेत टाकलं.

उद्या तिसरा पुकार. मी उठणार. ठरलं. फादर "हरकत" म्हणाले की उठायचं आणि सांगायचं. काय सांगायचं ते आरशासमोर चार वेळा म्हणून पाहिलं. पापा दारात उभे होते.

"हरकत म्हणजे दुसरं लग्न झालेलं असणं, नातं असणं," ते म्हणाले. "मला राग आला, ही हरकत नाही."

"मी रागाने उठणार नाही."

"मग कशाने उठणार?"

ते उत्तराची वाट बघत थांबले. मी ट्रंकेची कडी लावत बसलो. जाताना म्हणाले, "तुझ्या आईला मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा माझाही आवाज फुटला नव्हता. दुसऱ्यांदा फुटला." त्याचा इथे काय संबंध?

रविवार, १३ फेब्रुवारी

झालं.

मी मधल्या रांगेत, कडेला बसलो. ग्रेसी चौथ्या बाकावर होती. वर माळ्यावर, गाणाऱ्यांमध्ये, मास्तरांचं व्हायोलिन. फादरांनी कागद उघडला, नावं वाचली. मग, "कोणाला काही हरकत ठाऊक असेल तर."

फादर थांबले.

ग्रेसीने मान वळवली. सरळ माझ्याकडे पाहिलं. सगळ्या देवळासमोर, लपवून नाही. तिचा चेहरा पांढराफटक. तिने दोन्ही हातांनी पुढच्या बाकाची कड धरली होती, माणूस उठायच्या आधी धरतो तशी.

माझे पाय उठायला लागले होते. शपथ. पण तो चेहरा बघितला आणि मला उमगलं की ती घाबरलीय. शाळेतल्यासारखा मी पुन्हा तमाशा करीन, तिला सगळ्यांसमोर कापड धरून उभी ठेवीन, याची तिला भीती वाटतेय. डोळ्यांनी विनवतेय. आणि मी, जन्मात पहिल्यांदा, रागावर ताबा ठेवला. बाक घट्ट धरला आणि मनात शंभरपर्यंत आकडे मोजले. तिच्यासाठी मोजले. चाळीसच्या सुमारास तिने मान पुढे वळवली. शंभर झाले तेव्हा फादर कागदाची घडी घालत होते.

पुढच्या गाण्यात व्हायोलिन दोनदा बेसूर झालं. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं, लोक बाहेर तेच बोलत होते. ग्रेसी रडत होती असंही कोणी म्हणालं. सुटल्यासारखं वाटलं असेल तिला.

पापांना सांगितलं, "बघितलंत? उठलो नाही. राग गिळला."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. एवढं जमल्याबद्दल तरी शाबासकी द्यायची! शब्द फुटत नाहीत यांना.

मंगळवार, १५ फेब्रुवारी

पौर्णिमेचं उधाण. दुपारी बाळारामाने बांधाचं दार उघडलं आणि पुन्हा तुडवलेल्या वाफ्यात खाडीचं पहिलं पाणी आलं. जमिनीने पाणी धरलं. एक बुडबुडा नाही.

प्रोफेसरांना पत्र लिहायला घेतलं, मध्य नाही हे मला कळलंय असं. पत्रात आकडे द्यायचे म्हणून पुस्तक काढलं. मधल्या एका पानात कागदाची पुडी होती. आत मिठाचा एक बारीक कण, त्या दिवशी वांद्र्याचा तारा म्हणून मी तिच्या हातावर ठेवला होता तोच. पुडीवर तिच्या शाळेतल्या अक्षरात: "हा राईलाच राहू दे."

म्हणजे मला तर समजत नाही, लोक इतके तुटक का वागतात. माझ्यामागे वांद्र्याला येऊ नकोस, हे सांगायला एवढा खटाटोप? मी येणार होतो कुठे? आणि पुस्तकात मीठ! शाळेत शिकवते आणि एवढं कळत नाही. पुडीखालची दोन पानं ओल धरून फुगली होती, नेमकी आकड्यांची.

मी कण वाफ्यात टाकला. बाळाराम बांधावरून बघत होता.

"मीठ पेरतंस काय, शेट?"

"नाही. पुस्तक खराब होत होतं."

तो वाकून पाण्यात बघू लागला, जणू अजून सापडेल. मी म्हटलं, राहू दे. आता काय, सगळं पाणी खारंच आहे.